नाव वगळण्याआधी

१९०२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरी, जॅक्सन गाइल्स हा कृष्णवर्णीय नागरिक मतदार नोंदणी मंडळापुढे गेला. तो नवखा नव्हता. १८७१ पासून १९०१ पर्यंत त्याने मतदान केले होते, त्याला लिहिता-वाचता येत होते, आणि मतदाराला लागणाऱ्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करतो असे त्याचे म्हणणे होते. मंडळाने त्याचे नाव घ्यायला नकार दिला.

आदल्याच वर्षी अलाबामाने नवी राज्यघटना केली होती. मताधिकाराच्या कलमांत काळा-गोरा हा भेद कुठे लिहिलेला नव्हता. तसे लिहिण्याची सोयच नव्हती, कारण वंशावरून मताधिकार नाकारायला अमेरिकी संविधानाच्या १५ व्या दुरुस्तीने १८७० सालीच मनाई केली होती. मग दुसरी वाट काढली गेली. १ जानेवारी १९०३ च्या आत ज्याचे नाव लागेल तो जन्मभराचा मतदार. तेवढ्या मुदतीत नाव लावून घ्यायला माणूस युद्धात लढलेला असावा, किंवा लढलेल्याचा वंशज असावा, किंवा नुसता ‘चांगल्या चारित्र्याचा’ आणि नागरिकाची कर्तव्ये जाणणारा असावा. चारित्र्य चांगले की वाईट, हे नोंदणी मंडळ ठरवणार. मुदत टळली की पुढे येणाऱ्यांना साक्षरता, नियमित रोजगार आणि मालमत्ता यांच्या कडक चाळण्या. गोऱ्यांची नावे मुदतीत लागली. काळ्यांच्या अर्जांना टाळाटाळ झाली किंवा सरळ नकार मिळाला. एकाही कलमात वंशाचा उल्लेख न करता एका समाजाला मतपेटीपासून दूर ठेवण्याचे काम टेबलामागे बसलेल्या माणसांच्या मर्जीने पार पडले.

गाइल्स न्यायालयात गेला. एकट्यासाठी नव्हे, माँटगोमेरी परगण्यातल्या पाच हजारांहून अधिक काळ्या नागरिकांच्या वतीने. त्याचे वकील विल्फर्ड स्मिथ हेही कृष्णवर्णीय होते. खटल्याचा पैसा बुकर टी. वॉशिंग्टन यांनी गुपचूप पुरवला. जाहीर व्यासपीठावर सबुरीचा सल्ला देणाऱ्या या नेत्याचा चिटणीस वकिलांशी टोपणनावाने पत्रव्यवहार करत होता. नागरिकाला स्वतःचा हक्क मागण्यासाठी खोटी नावे घ्यावी लागतात, यावरून त्या काळचा दबाव केवढा होता ते कळावे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल २७ एप्रिल १९०३ रोजी लागला. सहा विरुद्ध तीन. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिला. अमेरिकी न्यायशास्त्रात या माणसाला फार मान आहे. पण या निकालापुरता मला तो देता येत नाही. त्यांचा पहिला युक्तिवाद असा : नोंदणीची ही सगळी व्यवस्थाच घटनाबाह्य फसवणूक आहे असे अर्जदार म्हणतो आणि त्याच फसव्या यादीत माझेही नाव घाला असे मागतो, न्यायालयाने त्या फसवणुकीत भागीदार का व्हावे? दुसरा युक्तिवाद असा : गोऱ्यांचा मोठा समुदाय काळ्यांना मतदान करू द्यायचे नाही असे ठरवून बसला असेल, तर यादीवर एक नाव चढवणारा कागदी हुकूम काय कामाचा? त्याची अंमलबजावणी करवून घेण्याचे सामर्थ्य न्यायालयापाशी नाही. अशा राजकीय अन्यायावर दाद जनतेकडे किंवा सरकारच्या राजकीय अंगांकडे मागावी.

ज्याला मतच नाही, त्याने जनतेच्या मताकडे दाद मागावी, असा याचा अर्थ होतो. पहिला युक्तिवाद तर त्याहून कठोर आहे. फसवणूक एखाद-दुसऱ्या नावापुरती असती तर न्यायालयाने दुरुस्त केली असती. ती राज्यभर पसरलेली, म्हणून तिला हात लावायचा नाही. अन्याय जेवढा मोठा तेवढा तो सुरक्षित. गाइल्सने पुढे नुकसानभरपाईचा दावा लावला, तोही १९०४ मध्ये टिकला नाही. हुकूम मिळेना, भरपाईही मिळेना. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्माहून निघालेला मोर्चा मताधिकार मागत ज्या शहरात पोचला ते माँटगोमेरीच. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मताधिकार कायदा झाला आणि जिथे स्थानिक नोंदणी अधिकाऱ्यांनी अडवणूक चालवली होती तिथे नावे लावण्यासाठी केंद्राने आपले परीक्षक पाठवले. होम्स ज्याला न्यायालयाच्या आवाक्याबाहेरचे म्हणत होते ते सरकारने मनावर घेतल्यावर झाले. मधे ६२ वर्षे गेली.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा परक्या देशातला हा खटला मराठी वाचकापुढे एवढ्या विस्ताराने ठेवण्याचे कारण आपल्या कायद्यात आहे. आपल्याकडे मताधिकाराची चर्चा मतदानाच्या दिवसाभोवती फिरते. यंत्रे बरोबर होती का, पैसे वाटले का, टक्का किती गेला. पण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे ६२ वे कलम सांगते की ज्याचे नाव त्या वेळी यादीत आहे त्यालाच मत देता येईल. नाव नाही तर मत नाही, मग तो माणूस त्या गावात सात पिढ्या राहत असला तरी. नोंदणीचा प्रश्न नंतर दिवाणी न्यायालयात नेता येईल का? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे ३० वे कलम म्हणते, नाही. कोणी नोंदणीस पात्र आहे की नाही, हे ठरवण्याची अधिकारिता दिवाणी न्यायालयाला नाही. ज्या अधिकाऱ्याने कर्तव्यात कसूर केली त्याच्यावर भरपाईचा दावा लावता येईल का? ३२ वे कलम म्हणते, तेही नाही. त्याच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते, पण तक्रार निवडणूक आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशानेच दाखल व्हायला हवी. गाइल्ससमोर जे दोन दरवाजे बंद झाले, जवळपास तेच दोन आपल्या कायद्यात लिहूनच बंद केले आहेत.

दाद मागण्याची सोय आहे, ती प्रशासनाच्या उतरंडीत. मतदार नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही हरल्यास ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील. शेवटी उच्च न्यायालयात रिट याचिका राहते. ती दिंडोशीच्या किंवा किनवटच्या रोजंदारीवरच्या माणसाला कितपत परवडते, हे वेगळे सांगायला नको. आणि उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची वेळ टळली की यादी गोठते. निवडणूक पार पडेपर्यंत तिच्यात नाव घालता येत नाही, काढता येत नाही. अपील जिंकूनही त्या वेळचे मत हुकू शकते, आणि हुकलेले मत पुन्हा देता येत नाही.

याचे मूळ मताधिकाराकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीत आहे. १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय म्हणत आले की मत देण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, मूलभूत हक्कांच्या प्रकरणातला नाही. १९८२ च्या ज्योती बसू खटल्यात तेच ठासून सांगितले गेले. २००३ मध्ये न्यायमूर्ती पी. व्ही. रेड्डी यांनी तो निदान घटनात्मक हक्क तरी आहे असे म्हटले, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. संविधानाचे ३२६ वे कलम १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि अपात्र न ठरलेल्या प्रत्येक नागरिकाला मतदार म्हणून नोंद होण्याचा हक्क देते. हक्क नोंदणीचाच दिला आहे. तो कायद्याने आखलेल्या पद्धतीने वापरायचा हे खरे, पण पद्धतीने हक्कच गिळून टाकावा असे घटनाकारांच्या मनात नव्हते.

घटनाकारांच्या मनात काय होते, ते कागदोपत्री उपलब्ध आहे. १५ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकर संविधान सभेत निवडणूक आयोगाच्या कलमावर बोलायला उभे राहिले. आधीच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी स्वतंत्र आयोग होते. आता सगळ्या देशासाठी एकच केंद्रीय आयोग सुचवला गेला होता. या बदलाचे कारण त्यांनी मोकळेपणाने सांगितले. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या रहिवाशांना मतदार यादीबाहेर ठेवण्यासाठी तिथली कार्यकारी सत्ता हालचाली करत असल्याचे मसुदा समितीच्या आणि केंद्राच्या कानावर आले होते. निवडणूक आयोगाची आजची रचना यादीतून माणसे गाळली जाऊ नयेत या चिंतेतून आली आहे. ही चिंता आंबेडकरांना नवी नव्हती. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराच्या अटींविषयी साक्ष देताना आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागताना, हक्काच्या व्याख्येवरून माणसे कशी बाहेर राहतात हे त्यांनी जवळून पाहिले होते.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्यांचे काम संविधान लागू होण्याआधीच, १९४८ पासून सुरू झाले. फाळणीने लाखो माणसे या देशात येऊन पडली होती. कोणाकडे घराचा उतारा नाही, कोणाकडे जन्माचा दाखला नाही, कोणाचे गावच सीमेपलीकडे राहिलेले. त्यांची नावे कशी लावायची? संविधान सभेच्या सचिवालयाने मार्ग काढला : आपण या गावी कायमचे राहणार आहोत असे निर्वासिताने जाहीर करावे आणि तेवढ्यावर त्याचे नाव घ्यावे. वास्तव्य किती दिवसांचे, हे पाहू नये. रक्तपाताच्या, संशयाच्या त्या वर्षांत नव्या राज्याने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या पहिल्या यादीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते.

ती यादीही सगळ्यांना पोटात घेऊ शकली नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे काढावी लागली, कारण उत्तरेतल्या अनेक भागांत बायांनी आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद चालणार नाही असे ठरवले आणि पुढच्या वेळी नाव सांगा म्हणून मोहीम घेतली. त्या निर्णयाच्या बाजूने बोलता येते, कारण निनावी नोंदीवर मतदाराची ओळख पटवायची कशी? पण २८ लाख बायांची ती निवडणूक गेली, ती गेलीच.

आता मुंबईकडे येतो. १९९४ मध्ये, विधानसभेची निवडणूक जवळ आलेली असताना, मुंबईतल्या काही मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या आणि दिल्लीतल्या मटिया महल मतदारसंघातल्या रहिवाशांना नोटिसा गेल्या. तुम्ही परदेशी असल्याचा संशय आहे, नागरिकत्व सिद्ध करा, नाहीतर नाव वगळू. संशय कशावरून आला, हे नोटिशीत नव्हते. पुरावा म्हणून जन्मदाखला, भारतीय पारपत्र, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा नागरिकत्वाच्या नोंदवहीतला उतारा एवढेच चालेल असे सांगण्यात आले. झोपडपट्टीतल्या माणसाच्या पत्र्याच्या पेटीत यातले काय निघणार? शिधापत्रिका निघते, भाड्याची पावती निघते, पोराच्या शाळेचा कागद निघतो, मागच्या निवडणुकीत मिळालेली चिठ्ठी निघते. ते सगळे बाजूला सारले गेले आणि पोलिसांच्या अहवालांवर भर राहिला.

लाल बाबू हुसेन खटला या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ फेब्रुवारी १९९५ रोजी सरन्यायाधीश ए. एम. अहमदी यांनी निकाल दिला. निकालाचा गाभा साधा आहे. ज्याचे नाव आधीच यादीत आहे, त्याचे नाव घालताना कोणा अधिकाऱ्याने कायद्याने सांगितलेली तपासणी केली असणार, असे धरूनच पुढे चालले पाहिजे. त्या नोंदीला वजन आहे. ती काढायची तर संशय का आला, कोणत्या सामग्रीवरून आला, हे संबंधिताला सांगितले पाहिजे. तो जो कागद, जो साक्षीदार पुढे करील तो घेतला पाहिजे. ठरावीक चारच कागद मान्य असे म्हणता येणार नाही. चौकशी अर्धन्यायिक आहे, म्हणून अधिकाऱ्याने स्वतः विचार करून सकारण आदेश दिला पाहिजे. ती सरसकट पद्धत न्यायालयाने टिकू दिली नाही. होम्स यांनी ज्या ठिकाणी हात झटकले, त्याच ठिकाणी आपल्या न्यायालयाने, निवडणूक तोंडावर असताना, नागरिकाचा हात धरला. भारतीय न्यायव्यवस्थेविषयी अभिमान वाटावा अशा निकालांत मी याची गणना करतो.

या भूमिकेवर आक्षेप येतो आणि तो हलका नाही. यादीत मेलेल्यांची नावे असतात, एकाच माणसाची दोन ठिकाणी असतात, नागरिक नसलेल्याला मत नाही हेही संविधानच सांगते. प्रत्येक बोगस मत एका खऱ्या मताला मारते. मग यादी शुद्ध करताना थोडा त्रास झाला तर काय बिघडले?

यादी शुद्ध झालीच पाहिजे. माझा मुद्दा दोन चुकांच्या उपायांचा आहे. यादीत नको ते नाव राहिले तर कायद्यात त्यावर एकाहून अधिक उपाय आहेत. हरकतीचा अर्ज, म्हणजे नमुना ७, भरता येतो. तेही राहिले तर मतदानाच्या दिवशी उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून समोरच्या माणसाच्या ओळखीला आव्हान देऊ शकतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. तुमच्या नावावर दुसराच कोणी मत टाकून गेला असेल, तरी तुम्हाला रिकामे परत जावे लागत नाही. तुमची ओळख पटली की तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात जपली जाते. पण तुमचे नाव चुकीने वगळले गेले असेल तर? तुमच्यासाठी पाकीट नाही, चौकशी नाही, दोन रुपयांची अनामतही नाही. केंद्रावरचा कर्मचारी यादीवर बोट फिरवतो, नाव नाही म्हणतो, आणि तुम्ही बाजूला होता. ज्या चुकीवर उपाय नाही, ती होऊ नये यासाठी आधी जास्त काळजी घ्यायची असते.

ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. फ्लॅटमध्ये तीस वर्षे राहणाऱ्या, पारपत्र असलेल्या माणसाच्या वाट्याला ती क्वचित येते. लग्न होऊन आलेल्या बाईची कागदपत्रे पाहा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव; आधारवर सासरचे; काही घरांत लग्नात मूळ नावही बदललेले. तिच्या हातातले दोन कागद एकाच बाईचे आहेत, हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर. बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो तो उन्हाळ्यात परततो. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले, तेव्हा नेमके हे निघण्याचे दिवस होते. घराला कुलूप दिसले म्हणून त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिणे सोपे आहे. कायदा मात्र त्याच्या बाजूचा आहे : माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचे नेहमीचे वास्तव्य संपत नाही, असे १९५० च्या अधिनियमाचे २० वे कलम सांगते. हे कलम गावोगावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांपर्यंत, म्हणजे बीएलओंपर्यंत, पोचायला हवे. बीएलओ म्हणजे बहुधा अंगणवाडी ताई किंवा प्राथमिक शिक्षक, स्वतःचे काम सांभाळून हे जास्तीचे काम करणारे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. एकदा नाव गेले की माणूस सरपंचापासून खासदारापर्यंत सगळ्यांच्या हिशेबातून जातो.

२०२५ च्या बिहारकडे या नजरेने पाहावे लागते. २४ जूनला आयोगाने तिथल्या मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांना ११ कागदपत्रांच्या यादीतून पुरावा द्यायचा होता. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली, तीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती : मृत, स्थलांतरित, दुबार, न सापडलेले. यातली बरीच नावे योग्य कारणानेच गेली असतील. पण कोणते नाव कशाने गेले, हे सुरुवातीला लोकांना कळत नव्हते. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा वगळलेल्यांची यादी कारणांसह प्रसिद्ध झाली, आणि आधार हे बारावे कागदपत्र म्हणून ८ सप्टेंबरच्या आदेशाने चालू लागले. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७ कोटी ४२ लाख मतदार राहिले. कारण सांगा, कागद घ्या, या दोन गोष्टी १९९५ च्या निकालातच होत्या. तीस वर्षांनंतर त्या पुन्हा न्यायालयाकडून मिळवाव्या लागल्या, याचे मला दुःख आहे. तेच पुनरीक्षण २०२५ च्या अखेरीस गोव्यासह बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाले.

न्यायालये हस्तक्षेप करतात हे चांगलेच. पण लाल बाबू हुसेन निकाल ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यामागे वकील उभे राहिले, याचिका झाली. नाव गेलेल्या प्रत्येकामागे तसे कोणी नसते. म्हणून संरक्षण कायद्यातच हवे. वगळण्याची नोटीस प्रत्यक्ष हातात पडावी, तिच्यात कारण मराठीत, कोंकणीत, हिंदीत, ज्याला जी भाषा वाचता येते तिच्यात असावे. जुन्या नोंदीविरुद्ध पुरावा शासनाने द्यावा. आणि ज्याचे अपील मतदानाच्या दिवशी प्रलंबित आहे, त्याला केंद्रावर मत देऊ द्यावे. त्याचे मत प्रदत्त मतासारखे पाकिटात बंद राहावे आणि अपील मान्य झाले तर मोजले जावे. अमेरिकेने २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात झालेल्या गोंधळानंतर २००२ मध्ये अशा तात्पुरत्या मतपत्रिकेची देशभर तरतूद केली. आपल्याकडे पाकीट आहे, ते जपण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे नियम आहेत, केंद्राध्यक्षांना त्याचे प्रशिक्षणही मिळते. आडवे येते ते ६२ वे कलम, आणि ते बदलण्याचे काम संसदेचे आहे.